श्रीमंत माणूस आणि लाजर: शिक्षा नेमकी कशाची?

प्रश्न: बायबलमध्ये लूक १६:१९-३१ मधल्या येशूच्या गोष्टीत मेल्यावर श्रीमंत अधोलोकात यातना भोगतो, त्याच्या दारातला भिकारी लाजर मात्र अब्राहामापाशी (यहुद्यांचा मूळपुरुष) जातो. श्रीमंताने कुणाला लुबाडल्याचं कुठेच म्हटलेलं नाही. मग शिक्षा कशाची?

उत्तर: दुर्लक्षाची. लाजर त्याच्या फाटकाशीच पडलेला, अंगभर फोड, कुत्री ते चाटतायत. श्रीमंत त्याला नावानिशी ओळखतो (ओळ २४), आणि यातनेतही काय मागतो? लाजराला पाणी घेऊन पाठवा! तिथेही त्याला राबवायचंच. नुसती श्रीमंती नडली असती तर अब्राहामही अडकला असता. उत्पत्ती १३:२ मध्ये त्याच्याकडे गुरं, सोनं, चांदी सगळं आहे.

दुसरं उत्तर: पटलं, पण म्हणून निर्धास्त होऊ नये. मार्क १०:२५ मध्ये येशू म्हणतो, श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं. हे सुईचं नाक म्हणजे यरुशलेमचं एक बुटकं फाटक, असं प्रवचनांत सर्रास ठोकून देतात. अशा फाटकाचा पहिल्या शतकातला काहीच पुरावा नाही. उंट उंटच, सुई सुईच. यावरचा दिलासा तिथेच ओळ २७ मध्ये आहे: माणसांना अशक्य, देवाला नाही.

प्रश्नकर्ता: म्हणजे दानाने स्वर्ग मिळतो?

पहिलं उत्तर देणारे: इथे पंथ वेगळे होतात. प्रोटेस्टंट मतात तारण (पापातून सुटका) केवळ विश्वासाने, दान त्याचं फळ. कॅथलिक शिकवणीत देवाच्या कृपेच्या बळावर केलेल्या दयाकृत्यांनाही मोल आहे. १ तीमथ्य ६:१७-१९ आणि मत्तय २५:३१-४६ शेजारी ठेवून वाचा, वाद कुठे आहे ते कळेल.