कागदपत्रे एकाच ठिकाणी ठेवल्याने सीए कार्यालयाला नेमका काय लाभ होतो?

प्रश्न : सीए, कोल्हापूर

नमस्कार. आमच्या सीए कार्यालयात तीन भागीदार, सात आर्टिकल (सीए होण्यासाठी प्रशिक्षण घेणारे विद्यार्थी) आणि दोन कर्मचारी आहेत. मुख्य कार्यालय कोल्हापूरला आणि शाखा इचलकरंजीला. ग्राहकांची कागदपत्रे सध्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर, ईमेलमध्ये, व्हॉट्सअॅपवर आणि कपाटातल्या बॉक्स फायलींमध्ये विखुरलेली आहेत.

गेल्या महिन्यात एका ग्राहकाला आलेल्या नोटिशीचे उत्तर तयार करताना २०२१-२२ या आर्थिक वर्षाचा ताळेबंद शोधला, तेव्हा ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘सहीसाठी फायनल’ अशा तीन फायली निघाल्या आणि त्यांपैकी दोहोंत अखेरच्या मालसाठ्याचा आकडा वेगळा होता. सही झालेली प्रत कोणती, हे ज्या आर्टिकलला ठाऊक होते तो परीक्षा देऊन केव्हाच बाहेर पडला होता. शेवटी ग्राहकाकडूनच प्रत मागवावी लागली, आणि त्याचा मला फार संकोच वाटला.

सर्व कागदपत्रे एकाच प्रणालीत आणावीत, असे माझे मत आहे. आमच्या ज्येष्ठ भागीदारांचे म्हणणे असे, की ज्याची फाईल त्याने सांभाळावी, हीच पद्धत इतकी वर्षे चालत आली आहे आणि त्यासाठी वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. ज्यांनी हा बदल प्रत्यक्ष केला आहे, त्यांना त्याचा काय लाभ झाला, हे कृपया सांगावे.

उत्तर १ : सीए, सांगली

मॅडम, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावरच्या कार्यालयात पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर दार उघडले, तेव्हा व्हाउचरांचे गठ्ठे भिजून विटांसारखे घट्ट झाले होते आणि शिक्क्यांची जांभळी शाई पानभर पसरली होती. दोऱ्या बांधून, पंख्याखाली एकेक पान वाळवण्यात आमचे कितीतरी दिवस गेले, आणि तेही टॅक्स ऑडिटच्या ऐन हंगामात.

मात्र कागद गेल्यापेक्षाही जास्त त्रास एका वेगळ्याच गोष्टीचा झाला. काय काय गेले, हेच आम्हाला सांगता येत नव्हते. कोणत्या ग्राहकाची कोणती मूळ कागदपत्रे आमच्याकडे होती, याची एकत्र नोंद कुठेच नव्हती. ग्राहक येऊन विचारत, “साहेब, माझे खरेदीखत तुमच्याकडे होते का?” आणि आम्ही निरुत्तर होत असू.

म्हणून त्यानंतर आम्ही कोणतेही सॉफ्टवेअर घेण्याआधी आवक-जावक नोंद एकत्र केली. आज कागद दारातून आत आला की त्याला क्रमांक मिळतो, तो स्कॅन होतो, आणि मूळ प्रत परत दिली की त्याची नोंद त्याच क्रमांकासमोर होते. सगळ्याची एक प्रत सांगलीच्या बाहेर असते. आपलेही शहर पंचगंगेच्या काठी आहे, त्यामुळे आपल्या ज्येष्ठ भागीदारांना हा मुद्दा पटावा.

उत्तर २ : कार्यालय व्यवस्थापक, पुणे

ताई, मी स्वतः सीए नाही. एका लेखापरीक्षण संस्थेत दफ्तर सांभाळते, त्यामुळे रोजच्या कामात जे दिसते तेवढेच लिहिते.

आपल्या तीन ‘फायनल’ फायलींचे मूळ, प्रत ईमेलने पाठवण्याच्या सवयीत आहे. पाठवलेली प्रत समोरच्याकडे स्वतंत्रपणे वाढू लागते. आमच्याकडे आता फाईल पाठवली जात नाही, तिचा दुवा (लिंक) पाठवला जातो. फाईल एकच असते, तिच्या जुन्या आवृत्त्या प्रणाली स्वतः राखते आणि कोणी केव्हा काय बदलले हे दिसते. नाव देण्याची रीतही ठरलेली आहे : ग्राहक क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार, तारीख. ‘फायनल’ हा शब्द नावात वापरायचा नाही, असा आमचा नियमच आहे.

दुसरा लाभ ऑडिट फाईलचा. एसए २३० या लेखापरीक्षण मानकानुसार लेखापरीक्षण अहवालाच्या तारखेपासून साधारणपणे ६० दिवसांच्या आत अंतिम फाईल जुळवून पूर्ण करायची असते, आणि त्यानंतर जतनाची मुदत संपेपर्यंत, म्हणजे किमान ७ वर्षे, तिच्यातले काहीही काढता येत नाही. कपाटातल्या फाईलमधून एक पान कमी झाले तर ते कोणाला कळणार? आमच्याकडे साठाव्या दिवशी ते फोल्डर बंद होते. पुढे काही जोडायचे झाल्यास कारण, तारीख आणि जोडणाऱ्याचे नाव लिहूनच ते जोडता येते. पीअर रिव्ह्यूच्या, म्हणजे दुसऱ्या सीएने आमचे काम तपासण्याच्या, वेळी याचा फार उपयोग झाला.

आणि आर्टिकलशिप आता २ वर्षांची झाली आहे, हेही लक्षात घ्यावे. मुले पूर्वीपेक्षा लवकर बाहेर पडतात, त्यामुळे एखाद्याच्या लक्षात आहे म्हणून काम चालते, ही व्यवस्था टिकणारी नाही. सुरुवातीचे सहा महिने मात्र त्रासाचे गेले. लोक प्रणालीत फाईल ठेवत आणि शिवाय स्वतःच्या डेस्कटॉपवरही ठेवत. भागीदारांनी स्वतः दुवे वापरायला सुरुवात केली, तेव्हाच ही सवय मोडली.

उत्तर ३ : वकील, मुंबई

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. त्यात न्यायालयाच्या बाजूने थोडी भर घालतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात सादर करताना प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात त्या अभिलेखाचे हॅश मूल्य (फाईलच्या मजकुरावरून काढलेली, मजकूर बदलताच बदलणारी अंक-अक्षरांची खूण) नमूद करावे लागते. फाईल कोणत्या संगणकावर तयार झाली, कोणाच्या ताब्यात होती, मध्ये कोणी हाताळली, ही साखळी सांगता आली नाही, तर उलटतपासणीत साक्षीदाराची अडचण होते. आपल्या ग्राहकाच्या तीन प्रतींपैकी खरी कोणती, हा प्रश्न न्यायाधीशांसमोर आला असता, तर ‘ज्याची फाईल त्याने सांभाळावी’ या पद्धतीकडे त्याचे उत्तर नव्हते.

एक सावधगिरी मात्र आग्रहाने सांगतो. सगळे एकत्र आले की धोकाही एकत्र येतो. रॅन्समवेअरने (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामने) सर्व्हर बंद पाडला तर सर्वच ग्राहकांचे काम थांबते. म्हणून एक बॅकअप नेटवर्कपासून तोडलेला असावा आणि त्यातून फायली परत मिळतात का, हे अधूनमधून तपासून पाहावे. त्याचप्रमाणे, प्रत्येक आर्टिकलला प्रत्येक ग्राहकाचे आधार आणि बँक तपशील दिसण्याची गरज नाही. ज्याच्याकडे जे काम, त्याला तेवढीच फोल्डरे उघडी असावीत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सांगलीच्या सरांचे उत्तर मी आज ज्येष्ठ भागीदारांना वाचून दाखवले. २०१९ मध्ये आमचे कार्यालय वाचले होते, पण त्यांच्या घरी पाणी आले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग आवक रजिस्टर मागवून घेतले. एक शंका उरते : जुन्या फायलींचे काय करावे? दहा-बारा वर्षांचे सगळे स्कॅन करणे आम्हाला शक्य नाही.

उत्तर २ : कार्यालय व्यवस्थापक, पुणे

सगळे करू नये, ताई. चालू वर्षापासून सुरुवात करावी आणि जुनी फाईल कामासाठी कपाटातून बाहेर निघाली, तरच ती स्कॅन करून परत ठेवावी. नष्ट करण्यापूर्वी प्रकारानुसार मुदत पाहावी : जीएसटीचे अभिलेख वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवायचे असतात, तर कंपन्यांची हिशेबाची पुस्तके ८ आर्थिक वर्षे. ग्राहकाची मूळ कागदपत्रे त्यात असतील, तर ती मुदतीचा विचार न करता पोच घेऊन परत द्यावीत. आमच्याकडे हेच काम सर्वांत आधी केले आणि दोन कपाटे रिकामी झाली.