'हेसेद'ला मराठीत काय म्हणाल?

दुपारचा_चहा:
लहान मुलांसाठी रूथची गोष्ट मराठीत आणतेय आणि एका शब्दावर अडलेय. बायबलच्या जुन्या करारातलं चारच अध्यायांचं पुस्तक. बेथलेहेमात दुष्काळ पडतो म्हणून एक कुटुंब परक्या मवाब देशात जातं. तिथे घरातल्या बाईचा, नामीचा, नवरा वारतो, मग दोन्ही मुलगे. मागे उरतात सासू आणि दोन मवाबी सुना. नामी गावाकडे निघते आणि सुनांना वाटेतच म्हणते, बायांनो, तुम्ही माघारी फिरा. अर्पा रडते, सासूचा मुका घेते आणि फिरते. रूथ हटत नाही.
या वागण्याला मूळ हिब्रूत 'हेसेद' म्हटलंय. पुस्तकात हा शब्द तीनदा येतो, तिन्ही वेळा मोक्याच्या जागी. मी 'निष्ठा' लिहिलं. संपादकांनी समासात शेरा मारला, "पक्षाचा कार्यकर्ता वाटतो." त्यांना 'दया' चालेल. मला नाही चालत. सून सासूवर दया करते का?

वरवंटा:
न चालायला काय झालं? स्तोत्र १३६ उघडून बघा. 'त्याची दया सनातन आहे' हे पालुपद तिथे २६ वेळा येतं, आणि मूळ शब्द हेसेदच. पिढ्यान्‌पिढ्या लोक ते म्हणताहेत. रुळलेला शब्द असताना नवा कशाला घडवायचा?

दुपारचा_चहा:
तिथे देव बोलण्याचा विषय आहे, दया शोभते. इथे दोघीही सारख्याच उपाशी आहेत हो.

गोफणगुंडा:
आमच्याकडे सरळ 'नात्याला जागली' म्हणतात. माझा थोरला चुलता गेला तेव्हा चुलती विशीतली होती. तिचे भाऊ न्यायला आले, गाडी दारात उभी. आजी स्वतः म्हणाली, जा बाई, तुझं वय काय. चुलती चुलीपुढनं उठलीच नाही. भावांकडे पाठ करून भाकरी थापत बसली. टोपलं भरलं तरी थापतच होती. शेवटी भाऊ त्याच भाकरी खाऊन मोकळी गाडी घेऊन गेले. गावात अजून म्हणतात, जागली.

वरवंटा:
चुलतीला नमस्कार. पण मिठाला जागतात, शब्दाला जागतात, म्हणजे आधी काहीतरी घेतलेलं असतं. रूथनं काय घेतलं होतं? नामीनं तर तिला तोंडानं मोकळं केलं. देणं संपलं, हिशेब मिटला आणि त्यानंतर ती सोबत गेली. 'जागणे'मध्ये नेमकं तेवढंच गळतं.

दुपारचा_चहा:
हे पटलं. पण मग 'दया'चा हट्ट का धरताय?

वरवंटा:
सवयीनं.

रेवदंड्याची:
माझी आजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवार तेली. शावुओत या कापणीच्या सणाला रूथ वाचतात, तेव्हा ती आम्हाला गोष्ट मराठीतच सांगायची. नामी गावात परतते तेव्हा बायका विचारतात, ही नामीच का? ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. हिब्रूत मारा म्हणजे कडू. आजी एवढं बोलली की आम्ही पोरं एकमेकांना धपाधप मारायचो. मग आजी आम्हाला मारायची.
तिच्या तोंडी योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे 'दारफळणीचा सण' आणि तिशा बआव, मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास, म्हणजे 'बिरड्याचा रोजा'. इतकं मराठी करून टाकलं, पण हेसेदला ती हेसेदच म्हणायची. रूथबद्दल मात्र एवढंच, "ती चिकटली गो." पुढे कळलं की मूळ क्रियापदही तेच आहे, दावक, चिकटणे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पुरुष आईबापांना सोडून बायकोला चिकटतो, तिथेही हेच.

सातवाहन_शेष:
एक बाळबोध शंका. हेसेद आणि 'स्नेह' एकच नसतील? स आणि ह यांची अदलाबदल सर्रास होते.

वरवंटा:
या न्यायानं चहा 'सहा'पासून आला असणार.

सातवाहन_शेष:
चेष्टा करा. 'फलाणा' बघा मग. चौथ्या अध्यायात रूथला सोडवण्याचा, म्हणजे नवऱ्याच्या वतनासह तिला पत्करण्याचा, पहिला हक्क असलेला एक जवळचा नातलग येतो, आपलं वतन बिघडेल म्हणून अंग काढून घेतो. त्याचं नावसुद्धा दिलेलं नाही. ज्याच्या शेतात रूथ कणसं वेचते तो बवाज, नामीच्या नवऱ्याचा नातलग, त्याला हाक मारतो 'पलोनी अल्मोनी', म्हणजे अमक्या-तमक्या. पलोनी आणि अरबीतला फुलान एकाच घरचे, आणि फुलानचा आपला फलाणा झाला.

वरवंटा:
हे मान्य. एकदा तरी लागला तीर.

रेवदंड्याची:
चहाताई, दोन जागा सांभाळा. नामी सुनांना 'आईच्या घरी' जा म्हणते, बापाच्या नाही. आपलं 'माहेर' मुळात मातृगृहच, तिथे तोच शब्द घाला. दुसरी जागा खळ्यावरची. बवाज आधी रूथला म्हणतो, तू इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली आलीस. पुढे ती रात्री त्याच्या पायाशी जाऊन म्हणते, तुझा कनाफ माझ्यावर पसर. कनाफ म्हणजे पंख आणि वस्त्राचा काठही. देवाकडे बोट दाखवत होतास ना, आता तूच कर, असं सुनावलंय तिनं! 'पदर' लिहिलात तर अर्धं काम होईल.

वरवंटा:
पुरुषाला पदर?

गोफणगुंडा:
महाराजांच्या पदरी हजारो माणसं होती. शेल्याला पदर असतो, उपरण्याला असतो. बरं ताई, रूथ शेतात काय करते ते कसं लिहिलंत?

दुपारचा_चहा:
'कापणी करणाऱ्यांच्या मागे पडलेली कणसं गोळा करते.'

गोफणगुंडा:
अहो, सरवा! सरवा वेचते! एवढा शब्द असताना सात शब्द कशाला?

दुपारचा_चहा:
संपादक म्हणतात, शहरातल्या मुलांना कळणार नाही.

गोफणगुंडा:
मग त्यांना एफा कळतो होय? पहिल्याच दिवशी तिनं एफाभर सातू झोडून काढला, सुमारे २२ लिटर. भुईमूग काढल्यावर आम्ही शाळा बुडवून सरवा वेचायचो, फ्रॉकच्या नाहीतर सदऱ्याच्या ओच्यात. नखात माती जायची, पण शेंगा आपल्या. चांगला मालक लगेच कुळव घालत नसे. मोशेच्या नियमातही तेच आहे ना, कडेचं पीक कापू नये, पडलेलं उचलू नये, गरिबाला आणि उपऱ्याला राहू द्यावं?

रेवदंड्याची:
हो, लेवीय १९. आणि बवाज गड्यांना पुढे जाऊन सांगतो, पेंढ्यांमधून मुद्दाम थोडी कणसं ओढून टाकत जा.

सातवाहन_शेष:
सरवा की सर्वा? आमच्या भागात 'सर्वा' ऐकलंय. 'सर्व'पासून असेल, सगळं नेल्यावर उरलेलं.

वरवंटा:
सगळं नेल्यावर काय उरतं? सरणे, संपणे, त्यावरून सरवा असेल.

गोफणगुंडा:
तुमच्यापैकी कुणी वेचलाय का कधी?

दुपारचा_चहा:
सरवा घातला. पदरही घालतेय. हेसेदची जागा अजून मोकळी आहे आणि सोमवारी फाइल द्यायचीय.

सातवाहन_शेष:
सातू मात्र बदला. मुलांना सातू म्हटलं की पीठ वाटतं, दुधात कालवून खायचं. जव लिहा.

गोफणगुंडा:
जव लिहिलंत तर त्यांना ओट्स वाटतील.