गच्चीवरचा एपिसोड आणि सुमनआजींचा खण

सेक्रेटरी काका: नमस्कार. काल रात्री गच्चीवर 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेचा फाळणीवरचा एपिसोड दाखवला, कार्यक्रम छान झाला, मंदारचे आभार. १४ खुर्च्या अजून वरच आहेत, आभाळ भरून आलंय तेव्हा दुपारपर्यंत खाली आणून ठेवा. प्रोजेक्टरची वायर पण तशीच लोंबतेय.

अद्वैतची आई (ए-२०१): मंदार, एक विचारायचं होतं. अद्वैत रात्री झोपायला तयारच नव्हता, घाबरला म्हणून नाही, सारखं एकच विचारत होता की त्या मालिकेतल्या डॉक्टरकडे टाइम मशीन आहे तर तिने त्या नवऱ्या मुलाला, प्रेमला, वाचवलं का नाही. आत्ता सकाळी पाव खाता खाता परत तेच. काय सांगू त्याला?

प्रसाद (ए-१०१): वहिनी अद्वैतचं बरोबर आहे. मलाही तेच खटकलं. मी डॉक्टर हू बघतो तो डॉक्टर शेवटी काहीतरी डोकं लढवून सगळ्यांना सोडवतो म्हणून, आणि इथे ५० मिनिटं बघून शेवटी काय, तर सगळे पाठ फिरवून चालायला लागले आणि मागून गोळीचा आवाज. आणि ते परग्रहवाले कशाला होते तेच कळलं नाही, ते काढून टाकले असते तरी गोष्ट तीच राहिली असती. मंदार राग मानू नकोस, पण पहिलाच एपिसोड दाखवायचा तर वेगळा निवडायचास. दगडी देवदूतांचा तो २००७ चा, पापणी मिटायची नाही तो, तो दाखवला असतास तर पोरं चिकटून बसली असती.

वैशाली (बी-१०२): मला आवडला. पण एक शंका, मी पूर्वी कधीतरी टीव्हीवर बघितलं होतं तेव्हा डॉक्टर पुरुष होता, ही बाई कधी झाली?

मंदार (बी-३०२): वैशालीताई, आधी तुमचं सांगतो. ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर सुरू झाली, केनेडींची हत्या झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल. १९६६ मध्ये त्यांची तब्येत साथ देईना, तेव्हा मालिका बंद करायच्या ऐवजी असं ठरलं की डॉक्टर हा माणूसच नाही, तो मरणाच्या दारात आला की त्याचं शरीर बदलतं, चेहरा नवा पण आठवणी त्याच. आपल्याकडे दशावतारात कसं, देव तोच आणि रूप वेगळं, आपल्याला ते समजवावं लागत नाही. काल दिसल्या त्या जोडी व्हिटेकर, डॉक्टर झालेल्या त्या पहिल्या बाई.

आणि सगळ्यांना एक सांगायचंच होतं, १९६३ चा तो पहिलावहिला भाग ज्यांनी दिग्दर्शित केला ते वारिस हुसेन लखनौला जन्मलेले, तेव्हा वय २४. म्हणजे आपल्याकडचा हात या मालिकेला पहिल्या दिवसापासून लागलाय. पण फाळणीवर एपिसोड यायला २०१८ उजाडलं.

शिरीष सर (ए-३०३): मी ही मालिका कधी पाहिलेली नाही, काल पहिल्यांदाच. पण इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं म्हणून एक आवर्जून सांगतो, त्यांनी तारीख अचूक पकडलीय. गोष्टीतल्या लग्नाचा दिवस १७ ऑगस्ट १९४७. पुष्कळांना वाटतं १५ ला स्वातंत्र्य मिळालं म्हणजे सीमाही त्याच दिवशी झाली. तसं नाही. रेषा जाहीर झाली १७ तारखेला. ती आखणारे सिरिल रॅडक्लिफ ८ जुलैला दिल्लीत आले, त्याआधी हिंदुस्थानात कधी पाऊल टाकलेलं नाही, आणि जेमतेम पाच आठवड्यांत पंजाब आणि बंगालचे तुकडे करून गेले. म्हणजे दोन दिवस लाखो लोक स्वतंत्र होते आणि आपण कुठल्या देशात आहोत ते त्यांना माहीत नव्हतं. वर्गात हे सांगताना मी नेहमी नकाशा काढायचो, काल त्या नवऱ्या मुलीच्या शेताच्या मधूनच रेषा गेलेली बघितली आणि वाटलं नकाशापेक्षा हे मुलांना लवकर कळलं असतं.

प्रसाद (ए-१०१): सर ते मान्य आहे. पण ते शेत पंजाबचं नव्हतंच, शूटिंग स्पेनला झालंय. मागे उघडे डोंगर दिसत होते.

मंदार (बी-३०२): हो, ग्रॅनडाच्या बाजूला. आणि काल कोणीतरी विचारत होतं ना पंजाबातले लोक इंग्रजी कसं बोलतात, तर ती निळी पोलिसांची पेटी आहे ना, टार्डिस, ती डोक्यातल्या डोक्यात भाषांतर करून देते.

आता अद्वैतचं. प्रसाद तुलाही तेच उत्तर आहे, जरा लांब लिहितो. डॉक्टरबरोबर फिरणारी ती यास्मिन, तिला आजीने बंद पडलेलं घड्याळ दिलंय आणि बजावलंय की हे कधी दुरुस्त करायचं नाही. ती ते घेऊन भूतकाळात जाते आणि बघते तर आजीचं लग्न भलत्याच माणसाशी लागतंय, प्रेमशी, तो हिंदू, आजी मुसलमान, आणि आजोबा तर दुसरेच. म्हणजे प्रेम वाचला तर यास्मिनच जन्माला येत नाही. हे झालं डॉक्टरचं कारण, अद्वैतला एवढं सांगितलं तर पुरे. पण मला विचारशील तर खरं कारण ते परग्रहवालेच आहेत. बघ, डॉक्टर पहिल्यांदा त्यांना मारेकरी समजते, आपणही समजतो, चेहरे तसे आहेत. मग कळतं की ते एके काळी मारेकरीच होते, ते बाहेर असताना त्यांचा अख्खा ग्रह नष्ट झाला, परत आले तर कोणी उरलं नव्हतं आणि मरताना त्यांच्या माणसांजवळही कोणी नव्हतं. तेव्हापासून ते एवढंच करतात, जो एकटा मरतोय, ज्याची कोणी नोंद घेणार नाही, त्याच्याजवळ जाऊन उभं राहायचं. वाचवायचं नाही, बदलायचं नाही, बघायचं. फाळणीत किती माणसं अशी रस्त्यात, शेतात, रेल्वेत गेली त्याचा धड आकडा नाही. अशा गोष्टीत डॉक्टर येऊन सगळ्यांना सोडवते असं दाखवलं असतं तर मला ते खोटं वाटलं असतं, खरोखर गेलेल्या माणसांपुढे खोटं. लिहिणारे विनय पटेल, भारतीय वंशाचे. त्यांनी हा मोह टाळला म्हणून मी हा एपिसोड आतापर्यंत पाच वेळा बघितलाय.

वैशाली (बी-१०२): त्यांचे चेहरे बघून मला लहानपणी जत्रेतला संकासुर आठवला. काळा बुरखा, लाल जीभ. मी बाबांच्या पाठीमागे लपायचे आणि तरी वाकून बघायचे.

प्रसाद (ए-१०१): ठीक आहे, हे असं बघितलं तर पटतं थोडं. तरी माझं म्हणणं राहतं की प्रेमच्या धाकट्या भावाला, मनीषला, अजून वेळ द्यायला हवा होता. घरातलाच मुलगा, मोठा भाऊ युद्धात गेलेला, आणि हा लग्न लावायला आलेल्या साधूला गोळी घालतो, एवढा बदलला कसा? त्याला दोनच सीन.

शिरीष सर (ए-३०३): प्रसाद, हा मुद्दा मात्र मला शंभर टक्के पटला. तेच सगळ्यात अवघड प्रकरण आहे आणि तिथे ते घाईत पुढे गेले.

मंदार (बी-३०२): हो, तिथे मीही अडखळतो दर वेळी.

अद्वैतची आई (ए-२०१): शेवटचं म्युझिक ऐकलं का कोणी? नावं येतात तेव्हा.

मंदार (बी-३०२): वहिनी, ते लक्षात आलं तुमच्या! मालिकेची नेहमीचीच धून आहे ती, १९६३ पासूनची, पण या भागापुरती गळ्यातून गायलीय, शाहिद अब्बास खान यांचा आवाज. मला तिथे दर वेळी भरून येतं.

सुमनआजी (बी-००१): मी श्रुती, आजीची नात. आजीला काहीतरी सांगायचंय, ती बोलतेय तसं टाइप करतेय, चुका झाल्या तर माझ्या.

"मंदार, तुझी ती पेटी आणि ग्रह मला काय फारसं कळलं नाही बाबा, पण त्या म्हातारीचं घड्याळ कळलं. तिचं लग्न लागलं त्याच वर्षी मी जन्मले. तुम्ही सगळे पंजाब पंजाब म्हणताय म्हणून सांगते, आपल्याकडे पण रेघ होती. आम्ही पेडण्यात, पालयेला. आईचं माहेर समोर आरोंद्याला, मध्ये तेरेखोलची नदी. अगोदर तरीवरून होडीत बसलं की पलीकडे आजोळ, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मग पत्रादेवीला, हद्दीवर, गोवा सोडवायला सत्याग्रही आले, त्यांना पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगिजांनी, गोळ्या घातल्या, त्यानंतर नदी बंदच झाली म्हण. अलीकडे पाखले, पलीकडे इंडिया. पास मिळेना.

५६ साली माझ्या मावशीचं लग्न ठरलं. आईची पाठची बहीण. आईने तिच्या ओटीसाठी खण घेऊन ठेवला होता, हिरवा, काठ लाल. लग्नाच्या दिवशी आई मला घेऊन नदीवर गेली, नारळ, तांदूळ, खण सगळं सुपात. पलीकडून वाजप ऐकू येत होतं. पाण्यावरून आवाज सरळ येतो ना, माणसं दिसायची नाहीत पण सनई स्पष्ट. वाजप थांबेपर्यंत आई उभी होती. मी नऊ वर्षांची, पाय दुखले म्हणून रडले तर मला ओरडली नाही, सूप खाली ठेवलं आणि मला कडेवर घेतलं. नऊ वर्षांच्या पोरीला कोण कडेवर घेतं? नारळ तिने नदीत सोडला. खण घरी आणला.

मावशी ६० साली बाळंतपणात गेली. निरोप आला तो महिन्याने. गोवा सुटला ६१ ला, १९ डिसेंबरला, त्यानंतर आई पहिल्यांदा आरोंद्याला गेली ती नुसतं घर बघायला. आयुष्यभर एकच विचारायची, शेवटी तिच्याजवळ कोण होतं. कोणी काही सांगितलं तरी परत विचारायची. काल ते दोघे त्या मुलाजवळ उभे राहिले ना, वाईट तोंडाचे, तेव्हा मला आईच आठवली. ती असती तर तिला दाखवलं असतं.

तो खण माझ्याकडे आहे. शिवला नाही. सून म्हणते आई, कापड जाईल, शिवून तरी टाका. नाही शिवणार."

वैशाली (बी-१०२): आजी 🙏

शिरीष सर (ए-३०३): सुमनताई, इतकी वर्षं शेजारी राहतोय आणि हे माहीत नव्हतं. पत्रादेवीचं एक मला सांगितलंच पाहिजे इथे, १५ ऑगस्ट १९५५ ला तिथे तिरंगा घेतलेल्या सहोदराबाईंना गोळी लागली तेव्हा पुढे झाले ते करनैलसिंग, आणि तिथेच पडले. पंजाबचे होते. फाळणी होऊन आठ वर्षं झालेली, आणि हा मुलगा आपल्या रेघेवर येऊन मेला.

प्रसाद (ए-१०१): आजी मी काल मागच्या रांगेत बसून निम्मा वेळ मोबाइल बघत होतो. आज रात्री परत बघतो नीट. आणि तुम्हाला चालणार असेल तर तो खण बघायला यायचंय.

सुमनआजी (बी-००१): ये की. चार वाजल्यानंतर ये, त्याआधी मी पडलेली असते. हात धुऊन ये, जुनं कापड आहे.

सेक्रेटरी काका: मंदार, पुढच्या रविवारीही ठेवूया. खुर्च्यांचं मी बघतो.

अद्वैतची आई (ए-२०१): आजी, अद्वैतला सगळं वाचून दाखवलं. तो विचारतोय मावशीचं नाव काय होतं.

सुमनआजी (बी-००१): शेवंती.