अनुभव धागा : दिवाळीत कोण आले, कोणाकडे गेलात आणि काय वाचले?

तुळशीचे लग्न लागले, आकाशकंदील माळ्यावर गेला आणि फराळाच्या डब्यांत आता चिवड्याचा चुरा तेवढा उरला आहे. दिवाळी अंक मात्र अजून अर्धे पडून आहेत. दरवर्षी या सुमारास आपण एकमेकांना ‘कशी झाली दिवाळी?’ असे विचारतो आणि उत्तर ‘छान झाली’च्या पुढे सरकत नाही. म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. घरी कोण आले, आपण कोणाकडे गेलात आणि त्या गडबडीत वाचन कसे झाले, किंवा का झाले नाही, हे सांगावे. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाविषयीही लिहावे. त्यात कमीपणा नाही.

सुरुवात मीच करते. मी सांगलीची, निवृत्त शिक्षिका. माझी ७८ वर्षांची थोरली बहीण नाशिकला असते. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे दोन वर्षांपासून तिला अक्षर दिसत नाही. भाऊबीजेला भाऊ तिच्याकडे निघाला, त्याच्याच गाडीने मीही गेले आणि आठ दिवस राहिले. दुपारी तिला लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचून दाखवायचे ठरले. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा, त्यामुळे पुस्तक ताईला घरचेच वाटते. पहिल्या दिवशी तीन तासांत आमची अकरा पाने झाली. सोवळ्याओवळ्याचा प्रसंग आला की ताईला आमची आत्या आठवे, मग आत्याचा वाडा, मग वाड्यातली विहीर. आणि मी बोट पानात ठेवून ऐकत बसे. वाचन पुढे सरकत नाही म्हणून पहिले दोन दिवस मी मनातून चिडले होते, हे कबूल करते. तिसऱ्या दिवशी मी पाने मोजणे सोडले.

रत्नागिरीहून

ताईंच्या दुपारी वाचून माझी गोष्ट सांगावीशी वाटली. मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि येथील जिल्हा नगर वाचनालयाचा जुना सभासद आहे. हे वाचनालय १८२८ सालचे असल्याचे मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, अशी माझ्या पत्नीची तक्रार आहे. या दिवाळीत मुलगा आणि सून बंगळूरहून चार दिवसांसाठी आले होते. मुलगा वाचत नाही, ही माझी जुनी खंत. तिला उत्तर म्हणून तो म्हणाला, “बाबा, मी महिन्याला दोन-तीन पुस्तके ऐकतो.” ऐकण्याला वाचन म्हणायचे का, यावरून आमचे थोडे वाजलेही. पाडव्याला गणपतीपुळ्याला निघालो, तेव्हा त्याने गाडीत एक मराठी रहस्यकथा लावली. मी खिडकीबाहेर पाहत असल्याचे दाखवत होतो. देवळाजवळ गाडी थांबली, पण खुनी कोण हे अद्याप कळायचे होते, म्हणून सासूसुना दर्शनाला पुढे गेल्या आणि आम्ही दोघे गाडीतच बसून राहिलो. शेवट काही फारसा चांगला नव्हता. ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे, हे माझे मतही मी बदललेले नाही, कारण ऐकताना संशय आला तरी चटकन चार पाने मागे जाऊन खात्री करता येत नाही. मात्र परतीच्या वाटेवर दुसरी कथा लावायला मीच सांगितले.

कुडाळहून

आमच्याकडे नरकचतुर्दशीला चावदिस म्हणतात. पहाटे आंघोळ करून तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट हे छोटे कडू फळ फोडायचे आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पोहे खात हिंडायचे : गुळाचे, दह्याचे, दुधाचे, तिखट. पाचव्या घरी नको म्हणता येत नाही आणि सातव्या घरी बसवत नाही. त्यात यंदा भातकापणी लांबलेली, त्यामुळे वाचन असे काही झालेच नाही. तरी पुस्तकांशी संबंध आला तो असा.

आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते. ते पावसाळ्यात गेले. मुंबईचा भाऊ दिवाळीला घरी आला, तेव्हा आम्ही त्यांचे पुस्तकांचे कपाट उघडले आणि एकेक पुस्तक आळीपाळीने निवडायचे ठरवले. जमिनीच्या वाटणीत आमचा कधी वाद झाला नाही, परंतु येथे पहिली पाळी कोणाची यासाठी चिठ्ठी टाकावी लागली. चिठ्ठी भावाची निघाली आणि त्याने सरळ व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’ उचलले, जे मला हवे होते. १९५५ सालच्या या कादंबरीतला तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो. वडिलांची पहिली नेमणूकही अशाच एका आडवाडीत झाली होती, त्यामुळे ते पुस्तक त्यांचे विशेष आवडते. मी काही बोललो नाही, पण दोन दिवस नीट जेवलोही नाही. भाऊ कोकणकन्येने परत गेला आणि मध्यरात्री गाडीतूनच त्याने मला एक छायाचित्र पाठवले. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वडिलांनी पेन्सिलीने त्या शाळेतील मुलांची नावे लिहून ठेवली आहेत. एकूण १९ नावे असून त्यांपैकी दोन नावांपुढे ‘गुरे’ असा एकच शब्द आहे. पुस्तक शिमग्याला घेऊन येतो, असे भावाने खाली लिहिले होते.

न्यू जर्सीहून

आई-बाबा ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे आले आहेत आणि मार्चपर्यंत राहतील. विमानात प्रत्येक बॅगेला २३ किलोंची मर्यादा होती. आईने आठवडाभर खपून चकल्या, अनारसे आणि भाजणी बांधली होती, पण निघण्याच्या आदल्या रात्री बाबांनी त्यातला एक डबा गुपचूप काढून त्या जागी नऊ दिवाळी अंक घातले. हा प्रकार येथे बॅग उघडल्यावर उघडकीस आला. आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. त्यानंतर बाबांनी आम्हांला जेवणाच्या टेबलाशी बसवून सांगितले, की काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेथून ही परंपरा सुरू झाली, तेव्हा हे ओझे शंभर वर्षांहून जुने आहे. आईने विचारले, “आणि अनारसे किती वर्षांचे?” बाबा त्यावर गप्प बसले. आता बर्फ पडू लागले की दोघांना घराबाहेर पडता येणार नाही, म्हणून नऊ अंक मार्चपर्यंत पुरवून वाचायचे, असे वेळापत्रक त्यांनी फ्रिजवर लावले आहे. आईने त्यातले तीन आत्ताच संपवले आहेत, हे त्यांना अजून माहीत नाही.

बडोद्याहून

थोडक्यात लिहिते. सयाजीराव महाराजांनी १९१० च्या सुमारास सार्वजनिक ग्रंथालये उभी केली, त्या शहरात आमच्या चार पिढ्या मराठी बोलत आल्या. नातू गुजराती माध्यमात शिकतो. या सुट्टीत त्याने पुण्याच्या मावशीला मराठीत पत्र लिहिले, पण गुजराती लिपीच्या सवयीने एकाही शब्दावर शिरोरेघ दिली नाही. मावशीने पट्टी घेऊन सगळ्या रेघा ओढल्या आणि तेच पत्र त्याला उलट टपाली पाठवले. तो आता ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक वाचतो आहे, सावकाश.

पुण्याहून

मला हा सूर थोडा मोडावा लागेल. माझे वय ३१ असून लग्न झालेले नाही, त्यामुळे दिवाळीत नातेवाइकांकडे जाणे म्हणजे एकाच प्रश्नाला दहा घरी उत्तर देणे होय. यंदा मी कामाचे कारण सांगून पुण्यातच राहिलो आणि स्वारगेट-हिंजवडी बसमध्ये विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ वाचली. १९३९ सालची ही लहानशी कादंबरी जहाजावर घडते. हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी आणि परतीच्या वाटेवरचा एक मराठी माणूस यांची ती गोष्ट आहे. पुस्तक संपले तेव्हा माझा थांबा मागे गेला होता. कोणाशी तरी बोलावेसे वाटले, म्हणून मामाला फोन केला, कारण घरात वाचणारा तोच एक आहे. त्याने अर्धा तास हॅर्टाविषयी बोलून शेवटी तो प्रश्न विचारलाच.

पुन्हा सांगलीहून

आपण सर्वांनी लिहिलेले मी फोनवरून ताईला वाचून दाखवले. न्यू जर्सीच्या आईंची बाजू तिने ताबडतोब घेतली. मी परत आल्यापासून रोज रात्री नऊ वाजता तिला फोनवर ‘स्मृतिचित्रे’ पुढे वाचून दाखवते. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांच्या धर्मांतराची बातमी येते तेथपर्यंत काल आम्ही आलो. मी थांबले, तर ती बराच वेळ काही बोलेना. मला वाटले फोन कट झाला. मग म्हणाली, “उद्या आठलाच कर. नऊला मला झोप येते, आणि हे झोपेत ऐकायचे नाही.”