बोनेटवरचा स्कूप: कामाचा की दाखवायचा?

घाटवाट: बोनेटवरचा स्कूप, म्हणजे हवा घ्यायला काढलेलं ते उंच तोंड, निव्वळ शायनिंग. हवा लागून पॉवर वाढते वगैरे थापा आहेत. कुठल्याच गाडीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

डिझेलवाला: "कुठल्याच" वाचून राहवलं नाही. २००९ सालच्या ३.० लिटर फॉर्च्युनरचं बोनेट उघडा. स्कूपच्या बरोबर खाली, इंजिनाच्या डोक्यावर इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा गार करणारा जाळीचा कूलर) आडवा बसवलाय. टर्बोने, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याने, दाबलेली हवा शंभर अंशांच्या वर तापते, तापली की विरळ होते, आणि सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी जातो. स्कूपची हवा इंजिनात शिरतच नाही. ती कूलरच्या जाळीतून आरपार जाते आणि आतली हवा गार करते. सुबारू डब्ल्यूआरएक्सचंही हेच. वीस वर्षं डिझेल गाड्या चालवतोय, म्हणून सांगतो.

घाटवाट: मग २०१६च्या फॉर्च्युनरचा स्कूप कुठे गेला?

डिझेलवाला: इंटरकूलर पुढे ग्रिलच्या मागे बसवला की वरून हवा घ्यायची गरजच राहत नाही. उलट डोक्यावरचा कूलर सिग्नलला उभं राहिलं की इंजिनाच्या धगीनेच तापतो. हा त्याचा दोष, मान्य.

मास्तर: दोघंही अर्धं बोलताय. ताशी १०० किलोमीटरला समोरच्या हवेचा जोर वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. त्या रेट्याने पॉवर वाढत नाही. पण इंजिनाला १० अंशांनी गार हवा मिळाली तर ती साधारण ३ टक्के दाट असते, तो फायदा खरा. १९७०च्या शेव्हेल एसएस या अमेरिकन गाडीत तर स्कूपचं तोंड मागे, काचेकडे ठेवलं होतं, कारण काचेच्या पायथ्याशी हवा दबते.

जिप्सीकर: खरा त्रास वेगळाच आहे, दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या स्कूपचा! माझ्या जिप्सीला एका ॲक्सेसरीवाल्याने "खरा वाटेल" म्हणून बोनेटला भोक पाडून बसवला. जुलैत वरंधा घाटात डिस्ट्रिब्यूटरवर (प्लगना ठिणगीचा करंट वाटणाऱ्या भागावर) पाणी पडलं, गाडी मिसिंग करायला लागली आणि बंद पडली. दोन मुलं मागे, धुकं, दरडीची भीती. तीन तास.

रंगीला: भोक पाडलं ही तुमची चूक. माझा डबल टेपने चिकटवलाय, चार वर्षं हलला नाही. ज्याची गाडी, त्याची हौस. तुमच्या पोटात का दुखतं?

सुनबाई: दुखतं, कारण माझी उंची चार फूट अकरा इंच. नवऱ्याने हौसेने चिकटवलेल्या त्या उंचवट्यामुळे सोसायटीच्या गेटवर समोरचं लहान पोर मला दिसलं नव्हतं. वॉचमन ओरडला म्हणून वाचलं. त्या दिवशीच उपटून टाकला.

रंगीला: सीट वर करून घ्यायची मग.

सुनबाई: घेतली होती, भाऊ. तुम्ही एकदा माझ्या उंचीवरून बघा, मग सल्ला द्या.

जिप्सीकर: बरोबर बोललात ताई.

मास्तर: मूळ मुद्दा राहिला. पावसाची भीती फॉर्च्युनरवाल्यांनी बाळगू नये. स्कूपचं पाणी कूलरच्या जाळीवरून खाली गळून जातं, हवेच्या पाइपात जात नाही.

घाटवाट: बरं, "कुठल्याच" मागे घेतो. इंटरकूलरवाल्या गाड्या सोडल्या. पण चिकटवलेल्यांबद्दल एक अक्षर बदलणार नाही.

रंगीला: नका बदलू. मीही काढणार नाही.

जिप्सीकर: मी भोकावर पत्रा मारून घेतला. रंग अजून जुळला नाही.