वडिलांच्या लावण्या, दोन जुन्या पावत्या आणि चित्रपटवाल्यांचा नवा कागद

पेठेतली लेक
नमस्कार मंडळी. माझे वडील, म्हणजे आमचे आबा, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहत, दिवसा सुतारकाम करत आणि रात्री लावण्या लिहीत. २००४ मध्ये ते वारले. त्यांची दोऱ्याने शिवलेली वही सध्या माझ्या थोरल्या भावाकडे असते. त्या वहीत दोन पावत्यांच्या कार्बन प्रती सापडल्या. १९९१ च्या पावतीवर 'चार लावण्या सर्व हक्कांसह कायमच्या दिल्या, रोख रु. ८०० पोहोचले' असे लिहिले आहे, तर १९९८ च्या पावतीवर 'कॅसेटसाठी तीन लावण्या दिल्या, रोख रु. १,५०० पोहोचले' एवढेच आहे. दोन्हींवर आबांची सही आहे, मात्र लावण्यांची नावे एकीवरही नाहीत. ती कॅसेट कंपनी पुढे बंद पडली आणि तिचे ध्वनिमुद्रण दुसऱ्या कोणी विकत घेतले. आता त्या सातही लावण्या इंटरनेटवरील एका वाहिनीवर ऐकायला मिळतात, पण गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' असे छापले आहे. ते वाचून माझ्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले.

यातलीच एक लावणी, चित्रनगरीत चित्रीकरण चालू असलेल्या एका चित्रपटासाठी निर्मात्यांना हवी आहे. त्यांनी भावाला दोन पानांचा कागद पाठवला असून त्यात १५,००० रुपयांच्या बदल्यात जगभरातील, कायमचे आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांतील हक्क मागितले आहेत, शिवाय 'रॉयल्टी मागणार नाही' असेही एक कलम आहे. वही आपल्याकडे आहे म्हणजे सहीचा अधिकारही आपलाच, असे भाऊ म्हणतो. आई हयात नाही. आम्ही दोघी बहिणी लग्न होऊन इचलकरंजी आणि निपाणीला आहोत. हक्क नेमका कोणाचा, आणि 'पारंपरिक' हा शब्द काढून आबांचे नाव घालायला लावता येईल का, हे कोणी जाणकाराने सांगावे.

हौशी रंगकर्मी
ताई, काळजी करू नका. हक्क किती वर्षांसाठी दिले हे कागदावर लिहिलेले नसेल, तर कायद्याने ती मुदत पाच वर्षांची धरली जाते. म्हणजे दोन्ही पावत्यांची मुदत केव्हाच संपली असून सर्व हक्क तुमच्याकडे परत आले आहेत. आमच्या नाट्यसंस्थेला एका लेखकाच्या बाबतीत हेच सांगण्यात आले होते.

बावड्याचा वकील
वरील उत्तर निम्मेच बरोबर आहे, आणि चुकीच्या निम्म्यावर विसंबून नोटीस पाठवली तर समोरचा वकील पहिल्याच उत्तरात ती निकालात काढील. पाच वर्षांचा नियम कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९(५) मध्ये आहे, परंतु १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी झालेल्या हस्तांतरणांना तो लागू नाही, असे त्याच कलमाच्या पोटकलम ७ मध्ये म्हटले आहे. ही दुरुस्ती १० मे १९९५ पासून अमलात आली. म्हणून १९९८ च्या पावतीतील हक्क २००३ मध्ये आबांकडे परत आले, असे ठामपणे मांडता येते. १९९१ च्या चार लावण्यांबाबत मात्र 'सर्व हक्कांसह कायमच्या' हे शब्द तुमच्या विरुद्ध जातात. २०१२ च्या दुरुस्तीने, हक्क देताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते त्याला जुना करार लागू करता येत नाही अशी तरतूद केली आहे, पण ती इतक्या मागच्या कागदाला लावता येईल असा भरवसा मी धरणार नाही.

तेव्हा सगळे अडते ते निर्मात्यांना हवी असलेली लावणी कोणत्या पावतीतील, या प्रश्नावर. पावतीवर नावे नाहीत हे आज तुम्हाला अडचणीचे वाटत असले तरी ती अडचण समोरच्यांचीही आहे, कारण ठरावीक लावणीचे हक्क आपण विकत घेतले असे जो म्हणतो, त्यालाच ते दाखवावे लागते.

नावाच्या बाबतीत तुमची बाजू सर्वांत भक्कम आहे. कलम ५७ प्रमाणे, हक्क पूर्णपणे लिहून दिले तरी कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो आणि त्याच्या पश्चात वारस तो बजावू शकतात. त्यामुळे १९९१ च्या चार गाण्यांवरूनही 'पारंपरिक' हा शब्द काढण्याची मागणी तुम्हाला करता येईल. आधी त्या वाहिनीला वहीच्या पानांच्या छायाप्रतींसह लेखी तक्रार करा. दावा लावण्याची वेळ आली तर कलम ६२ मुळे विरुद्ध पक्षाच्या गावी जाण्याची गरज नाही. आपण राहतो तेथील जिल्हा न्यायालयात तो दाखल करता येतो.

आता तुमच्या भावाविषयी. वही कपाटात असणे आणि कॉपीराइट मालकीचा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मृत्युपत्र नसेल तर हा हक्क इतर मिळकतीप्रमाणेच वारसांकडे, म्हणजे तुम्हा तिघांकडे सारखा आला. लग्न झाल्याने मुलींचा वाटा जात नाही. एकट्या भावाची सही घेणारा निर्मातादेखील उद्या अडचणीत येईल, हे त्याला समजावून सांगितले तर तो स्वतःच तिघांच्या सह्या मागेल. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, म्हणजे तुमच्या बाबतीत २०६४ अखेरपर्यंत. १५,००० रुपयांत 'कायमचे' लिहून देताना ही ६० वर्षे डोळ्यांसमोर ठेवावीत.

ढोलकीवाला
कायद्याचे मला फारसे कळत नाही, पण एक विचारतो. आबांनी प्रत्येक लावणीच्या डोक्यावर 'चाल' लिहिली असणार. ती फडावरची जुनी चाल असेल तर तिच्यावर कोणाचीच मालकी नाही, आणि बहुधा तेवढ्यावरूनच कोणीतरी अख्खे गाणे 'पारंपरिक' ठरवून टाकले असावे. फडाच्या गाण्यांत हे नेहमी होते. चाल जुनी असली तरी शब्द नवेच असतात, हे शहरातल्या माणसाला समजावता समजावता तोंड दुखते. आणखी एक, निर्माते नव्याने गाऊन घेणार आहेत की कॅसेटमधला आवाजच उचलणार आहेत?

बावड्याचा वकील
ढोलकीवाल्यांचा मुद्दा अगदी बरोबर आहे. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण ही कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळी कामे आहेत. लावणी नव्याने गाऊन घेतली तर शब्दांसाठी तुमची परवानगी पुरेशी आहे. कॅसेटमधला मूळ आवाज वापरायचा असेल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क सध्या ज्यांच्याकडे आहे त्यांचीही परवानगी निर्मात्यांना काढावी लागेल. ते काम तुमचे नाही, आणि 'इतर सर्व परवानग्या गीतकाराचे वारस मिळवून देतील' असे वाक्य कागदात असेल तर ते आधी खोडा.

निर्मितीत काम करणारा
मी समोरच्या बाजूला बसणारा माणूस आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. आमच्याकडे छापील मसुदा एकच असतो आणि तो सर्वांना पाठवला जातो. 'कायमचे' खोडून 'या एका चित्रपटापुरते' असे लिहून मागितले तर बहुतेक वेळा मिळते, पण मागणारेच थोडे. 'रॉयल्टी मागणार नाही' हे कलमही टिकणारे नाही. २०१२ पासून चित्रपटातील गाणे चित्रपटगृहाबाहेर वाजले तर त्याच्या रॉयल्टीचा निम्मा वाटा लेखकाला सोडून देता येत नाही. कायद्यात शब्द 'लेखक' असा असल्याने वारसांच्या बाबतीत वाद नको म्हणून ती रॉयल्टी कागदात स्पष्ट लिहूनच घ्या, आणि गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेचे सभासदत्व वारसांनाही मिळते, तेही पाहा. श्रेयनामावलीत नाव कसे आणि कोठे येईल, हेही त्याच कागदात घाला. कलापूर म्हणवणाऱ्या आपल्या गावात कागद करायची गोष्ट निघाली की लोकांना अजूनही संकोच वाटतो.

पेठेतली लेक
सर्वांचे आभार. काल रविवारी तिघे भावंडे वही घेऊन बसलो. निर्मात्यांना हवी असलेल्या लावणीच्या वर आबांनी चालीशेजारी बारीक अक्षरात '३ मार्च ९३, रात्री' असे लिहिले आहे. म्हणजे ती १९९१ च्या पावतीत असूच शकत नाही. हे पाहून भाऊ बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने निर्मात्यांना फोन करून तिघांच्या सह्यांशिवाय कागद होणार नाही असे कळवले. लावण्यांची कॉपीराइट कार्यालयात नोंदणी केलेली नाही, ती आता करावी लागेल का?

बावड्याचा वकील
नोंदणी सक्तीची नाही. लिहिल्या क्षणीच हक्क निर्माण होतो. तरीही वाद उभा राहिलेला असल्याने ती करून घ्यावी, कारण नोंदवहीतील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे आणि अर्ज केल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. अर्जात वारस म्हणून तिघांचीही नावे घाला. त्या तारखेच्या पानाच्या रंगीत प्रती काढून ठेवा, आणि मूळ वही मात्र निर्मात्याला, वाहिनीला, एवढेच काय मलाही, पोहोच घेतल्याशिवाय देऊ नका.