यहोशाफाट वाईट नव्हता, त्याला नाही म्हणता येत नव्हतं

पहाटवाचक (धागाकर्ता):
परमेश्वरावर प्रीती करता ना, मग वाइटाचा द्वेष करा, असं बायबलातलं स्तोत्र ९७ सांगतं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे वाचलं की लोकांच्या डोळ्यांसमोर देशी दारूचं दुकान येतं, नाहीतर शेजाऱ्याचा पोरगा. स्वतःचं जेवणाचं ताट कुणाला दिसत नाही. म्हणून २ इतिहास, अध्याय १८ आणि १९ काढून बसलोय.

यहोशाफाट यहूदाचा राजा. माणूस चांगला. अशेरा देवीच्या मूर्ती काढल्या, नियमशास्त्र शिकवायला गावोगाव माणसं धाडली. पण उत्तरेच्या इस्राएलचा मूर्तिपूजक राजा अहाब, त्याच्याशी सोयरीक केली. त्याच्या राजधानीत शोमरोनला गेला तेव्हा अहाबाने मेंढरं-बैल कापून जंगी पाहुणचार केला आणि त्या जेवणाच्या भरात अरामी लोकांविरुद्ध रामोथ-गिलादच्या लढाईचा शब्द घेतला. मीखाया संदेष्ट्याने भर दरबारात सांगितलं, याचा शेवट वाईट आहे. अहाबाने त्याला तुरुंगात धाडलं. यहोशाफाट शेजारच्या आसनावर होता, पण तेव्हा तो काही बोलल्याचं लिहिलेलं नाही. लढाईत अहाब वेष पालटून गेला आणि याला म्हणाला, तू मात्र राजवस्त्रं घाल! अरामी रथ सरळ याच्यावर आले. ओरडला म्हणून वाचला.

घरी परतताना हनानीचा मुलगा येहू संदेष्टा आडवा आला आणि म्हणाला, दुर्जनाला मदत आणि देवाच्या वैऱ्यांवर प्रेम, हे शोभतं का? माझ्या मते वाइटाचा द्वेष म्हणजे संताप नव्हे. वेळेवर ताटावरून उठणं.

कुंपणावरचा:
पहाटवाचक, गोष्ट छान सांगितलीत, पण अर्धीच. त्याच अहाबाच्या वाड्यात ओबद्या कारभारी होता. तो ताटावरून उठला नाही. अहाबाची राणी ईजबेल संदेष्ट्यांना मारत सुटली तेव्हा त्याने शंभर जणांना पन्नास-पन्नास करून गुहांत लपवलं, भाकरी-पाणी पुरवलं. राजीनामा देऊन घरी बसला असता तर ते शंभर कुठे गेले असते?

आणि अरामी सेनापती नामान? कोड बरा झाल्यावर इस्राएलची दोन खेचरांवर मावेल इतकी माती मागून घेतली, का तर यापुढे परमेश्वरालाच अर्पण करायचं. लगेच पुढचं वाक्य काय, तर धनी रिम्मोनच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढं माफ व्हावं. अलीशा संदेष्ट्याने त्याला झापलं नाही. शांतीने जा म्हणाला. दोन दगडांवर पाय म्हणावा तर याहून स्पष्ट काय हवं?

पहाटवाचक:
ओबद्या मान्य. पण हिशेब बघा. ओबद्या वाड्यात राहून जीव धोक्यात घालत होता, यहोशाफाटाला वाड्यात मटण मिळत होतं. एकाच छताखाली दोघं, पण किंमत कोण मोजतंय? सोयरिकीचं पुढे काय झालं तेही वाचा. अहाबाची लेक अथल्या सून म्हणून आली. नवरा यहोरामाने गादीवर येताच सख्खे भाऊ कापले. नंतर मुलगा गेल्यावर हिने राजवंशच संपवायला घेतला. तान्ह्या योवाशाला आत्याने उचललं आणि सहा वर्षं मंदिरात लपवलं म्हणून दावीदाचं घराणं उरलं. हे सगळं एका सोयरिकीतून.

नामानाचं उत्तर माझ्याकडे नाही, खरं सांगतो.

साधी_बाई:
तुम्ही राजे-राजवाड्यांत अडकलात. ‘वाइटाचा द्वेष’ माझ्या वाट्याला कसा आला ते सांगते. मी मंडळीबाहेर लग्न केलं. पुढची दोन वर्षं उपासनेला गेले की बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी. कुणी वाईट बोललं नाही हां. नुसतं सरकून बसायचे. स्तोत्र १३९ मध्ये ‘तुझा द्वेष करणाऱ्यांचा मी द्वेष करतो’ आहे, ते सगळ्यांना पाठ. त्याच्याच पुढची ओळ, देवा, माझं अंतःकरण तपास, माझ्यात काही वाईट आहे का बघ, ती कुणाला आठवत नाही.

नगरचे_मामा:
ताई, वाचून वाईट वाटलं. निर्गम २३ मध्ये साफ आहे, तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर टाळून जाऊ नको, हात लावून सोडव. गाढवाला हात लावायचा आणि मालकाकडे पाठ फिरवायची, हे जमतच नाही, ओझं दोघांनी मिळून उचलावं लागतं.

शिवाय हिब्रूत ‘द्वेष’ हा शब्द याकोबाची बायको लेआ हिच्यासाठीही आलाय. आधीच्या ओळीत म्हटलंय की याकोबाची दुसऱ्या बायकोवर, राहेलवर, जास्त प्रीती होती. म्हणजे आपली आवडती-नावडती. ‘कुणी दोन धन्यांची चाकरी करू शकत नाही, एकाचा द्वेष करील’ या येशूच्या वचनातला द्वेषही मला तसाच वाटतो. कुणाला पहिला नंबर, एवढंच.

कुंपणावरचा:
मामा, लेआपुरतं ठीक. पण आमोस ५:१५ मध्ये वाइटाचा द्वेष करा, बऱ्यावर प्रीती करा आणि वेशीत (तिथेच न्यायनिवाडा चालायचा) न्याय स्थापा, असं एका दमात येतं. तिथे लाच खाऊन गरिबाला वेशीतून हाकलणारे बसलेत. लाच मला ‘नावडती’ आहे म्हणून भागेल?

नगरचे_मामा:
नाही भागणार. हे घ्या, हरलो.

साधी_बाई:
पहाटवाचक, ताटाचा विषय तुम्ही काढलात म्हणून. आमची आजी गणपतीचा प्रसाद खायची नाही. पौलाच्या पत्रावर, १ करिंथ १० वर, बोट ठेवायची: समोर येईल ते न विचारता खा, पण हे मूर्तीला अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नको. शेजारच्या काकूंनी ताट आणलं की ती ते दोन्ही हातांनी घ्यायची, पोरांना द्यायची आणि रिकामं भांडं परत जाऊ नये म्हणून वर साखर घालायची. काकूंना कळलंच. पुढच्या वर्षीपासून त्या आजीसाठी पाच मोदक नैवेद्य दाखवायच्या आधीच बाजूला काढायच्या. त्यांच्या घरात हे अजिबात चालत नव्हतं, सासूबाईंची नजर चुकवून काढायच्या.

आजीने ते खाल्ले.

पहाटवाचक:
मग यात दोन दगडांवर पाय कुणाचा होता, आजीचा की काकूंचा?

साधी_बाई:
तेच मी तुम्हाला विचारणार होते.